बाटलीतलं पिवळं तेल

‘कचऱ्यातून पेट्रोल’ या बातमीसोबत एक फोटो हमखास असतो. कुणीतरी हातात बाटली धरून उभं असतं, बाटलीत फिकट पिवळं किंवा कोऱ्या चहाच्या रंगाचं तेल असतं आणि ती बाटली उजेडाकडे जराशी उचललेली असते. मागे पिशव्यांचा ढीग आणि एखादी नव्याने रंगवलेली टाकी. गेल्या काही महिन्यांत मी असे फोटो आणि व्हिडिओ इतके पाहिले की शेवटी माणसांकडे बघणं सोडून बाटलीकडे बघायला लागलो. बाटली बहुतेक वेळा पाण्याची असते. म्हणजे पीईटी नावाच्या प्लास्टिकची. म्हणजे ज्या प्लास्टिकचं त्या यंत्रात नीट तेल होत नाही, उलट जे नळ्या तुंबवतं, नेमकं तेच.

हे मला इतकी वर्षं का दिसलं नाही, याला कारण आहे. माझ्याकडेही असा एक फोटो आहे.

तो आमच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला, प्रोजेक्टचा. चौघांनी मिळून वेल्डिंगवाल्याकडून एक लोखंडी भांडं करून घेतलं, त्याला झाकण बोल्टने आवळलं, वाफ बाहेर यायला तांब्याची नळी लावली, ती बर्फाच्या बादलीतून फिरवली आणि खाली गॅसची शेगडी ठेवली. भांड्यात दोन किलो दुधाच्या पिशव्या: धुतलेल्या, वाळवलेल्या, कात्रीने कापलेल्या. तीन-चार तासांनी नळीच्या टोकाशी थेंब पडायला लागले, तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो होतो. एकूण सव्वा लिटर तेल निघालं. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दोन किलो प्लास्टिकपासून सव्वा लिटर इंधन. दुसरं बक्षीस मिळालं. शेगडीला लावलेलं घरगुती सिलिंडर आम्ही आधी आणि नंतर वजन करून पाहिलं होतं. साडेचार किलो गॅस जळाला होता. एक किलोभर तेल मिळवायला साडेचार किलो गॅस. हा आकडा वहीत होता, पोस्टरवर नव्हता. परीक्षकांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

(न्यायाने सांगायचं तर हा दोष आमच्या उघड्या भांड्याचा होता, मूळ कल्पनेचा नाही. नीट बांधलेल्या कारखान्यात या प्रक्रियेतूनच जो वायू निघतो, तो परत भट्टीखाली जाळतात आणि बाहेरचं इंधन मुख्यतः सुरुवातीला लागतं.)

आता मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि रसायनाशी संबंध चहापुरता उरला आहे. पण यंदा गावी गेलो तेव्हा मोठ्या काकांच्या मुलाने, आमच्या दादाने, फोन पुढे केला. गाव म्हणजे मालेगाव, वाशीम जिल्ह्यातलं. हे दरवेळी सांगावं लागतं, कारण मालेगाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नाशिककडचं येतं. गंमत म्हणजे प्लास्टिकच्या बाबतीतही तेच. ‘मालेगाव प्लास्टिक’ असं शोधलं तर त्या मालेगावातले भंगार प्लास्टिक वितळवून पाइप करणारे कारखाने समोर येतात. आमच्या मालेगावात सोयाबीन, तूर, बाजार समिती आणि आता तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग. दादाचं कृषी केंद्र आहे. त्याच्या फोनवर एका कंपनीचं कोटेशन होतं: रोज एक टन कचरा प्लास्टिक घाला, रोज आठशे ते हजार लिटर ‘डिझेल’ काढा, दोन वर्षांत पैसे वसूल. यंत्रासाठी तो दोन एकर गहाण टाकायच्या विचारात होता. “तू इंजिनिअर आहेस, सांग,” म्हणाला.

मी लगेच काही सांगू शकलो नाही. यंत्र खोटं नव्हतं, हीच अडचण होती. खोटं असतं तर सोपं होतं. मग मी उलट्या बाजूने गेलो आणि ही बातमी एखाद्या कथेसारखी वाचायला घेतली: तिच्यात कोण आहे, कोण नाही, कोणता शब्द काय झाकतो. पुढचं सगळं त्या वाचनाबद्दल आहे.

सुरुवात मथळ्यातल्या ‘तून’पासून. मराठीत हा प्रत्यय फार उदार आहे. दुधातून लोणी निघतं, संघर्षातून नेतृत्व निघतं, कचऱ्यातून पेट्रोल निघतं. काय आत गेलं, किती गेलं आणि उरलेल्याचं काय झालं, यातलं काहीच ‘तून’ला सांगावं लागत नाही. त्याच्याच जोडीला येतो तो शाळेतल्या हस्तकलेच्या तासापासून आपल्या अंगवळणी पडलेला शब्दप्रयोग, ‘टाकाऊतून टिकाऊ’. प्लास्टिकपासून तेलाच्या बातम्यांवर हा मथळा मी कितीतरी वेळा पाहिला. आता जरा थांबून बघा. प्लास्टिकची पिशवी ही माणसाने केलेल्या सर्वांत टिकाऊ वस्तूंपैकी एक, तीच तर तिच्याबद्दलची तक्रार आहे. आणि तेल म्हणजे जे संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी बॉयलरमध्ये जळून जाणार. पॉलिथिनच्या वजनाचा सुमारे ८६ टक्के भाग कार्बन असतो. त्यातला सगळा जळला तर एका किलोमागे साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मथळा उलटा लिहायला हवा होता.

रसायन मात्र सरळ आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पॉलिथिन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. डिझेलही त्याच दोन मूलद्रव्यांचं, फक्त साखळ्या आखूड. हवा लागू न देता ४००–५०० अंशांपर्यंत तापवलं की लांब साखळ्या तुटतात. मिळते ती वाफ. ती थंड केली की तेल, जी थंड होत नाही ती वायू, आणि तळाशी काळी काजळी. याला पायरोलिसिस म्हणतात. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन आणि थर्माकोलचं पॉलिस्टायरिन हे या भट्टीचे लाडके पाहुणे. पीव्हीसी मात्र नको, कारण त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतो. तापवलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि ती आधी यंत्र खाते, मग फुप्फुसं. पीईटीही नको, कारण त्यात ऑक्सिजन असतो आणि तेलाऐवजी मेणचट आम्लांचे खडे नळ्यांत जमतात. वेफर्सच्या आणि गुटख्याच्या पाकिटांत प्लास्टिकच्या दोन-तीन जातींच्या मध्ये धातूचा थर असतो, तेही नको. माती नको, ओल नको, खरकटं नको.

ही यादी वाचताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो असा: या यंत्राला कचरा चालतच नाही. त्याला प्लास्टिक हवं असतं. निवडलेलं, धुतलेलं, वाळलेलं. कचऱ्याचं प्लास्टिक करणारं यंत्र वेगळं आहे, ते दोन पायांचं असतं आणि बातमीत त्याचा फोटो नसतो.

मग एककांचा प्रश्न. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत ऑगस्ट २०१९ मध्ये गेलच्या मदतीने एक प्रायोगिक कारखाना सुरू झाला. रोज एक टन प्लास्टिक आत, ८०० लिटर डिझेल बाहेर, असं तेव्हा जाहीर झालं होतं. सरकारी प्रयोगशाळा आहे, आकडा मी खरा धरतो. पण वाचताना काय होतं पाहा. टन म्हणजे हजार किलो, आणि हजारांतले आठशे म्हणजे ऐंशी टक्के, असं मन परस्पर करून टाकतं. तेलाचा लिटर मात्र किलोचा नसतो, साधारण आठशे ग्रॅमचा असतो. म्हणजे ते आठशे लिटर सुमारे ६४० किलो. उरलेले ३६० किलो वायू, काजळी, मेण असं काहीतरी झालेले असतात. त्यांचाही उपयोग होऊ शकतो, पण बातमीत ते नाहीसे झालेले असतात. ‘एका किलोला एक लिटर’ हे वाक्य तर अनेक ठिकाणी मंत्रासारखं येतं. ते ऐकायला गोल वाटतं ते फक्त किलो आणि लिटर यांची गल्लत झाल्यामुळे. असं कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. आमच्या पोस्टरवरही किलो आणि लिटर शेजारीशेजारीच होते.

आमच्या विदर्भात ही कथा पहिल्यांदा मोठी झाली ती नागपुरात. रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक अलका झाडगावकर यांनी प्लास्टिकपासून इंधन करण्याची पद्धत विकसित केली, २००३च्या सुमारास ती देशभर गाजली, आणि पुढे बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पती उमेश झाडगावकर यांच्यासह त्यांनी कारखाना उभा केला. मी तेव्हा पहिलीतही नव्हतो, पण ही गोष्ट मला मोठ्यांच्या तोंडून ऐकल्याची आठवते, ती अशी: नागपूरच्या एका बाईने प्लास्टिकचं पेट्रोल केलं आणि तेल कंपन्यांनी तिला पुढे येऊ दिलं नाही. दुसऱ्या भागाला काही आधार आहे का हे कुणी कधी विचारलं नाही. कथेला तो भाग लागतो, म्हणून तो येतो. नायिका आहे तर खलनायक हवा.

हाच साचा आपण १९९६ साली तमिळनाडूच्या रामर पिल्लईसाठी वापरला होता. पाण्यात वनस्पती घालून पेट्रोल करतो म्हणणारा तो माणूस रातोरात खेड्यातला प्रतिभावंत झाला. पुढे सीबीआयने खटला भरला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. पिल्लईच्या दाव्यात रसायनच नव्हतं. नागपूरच्या पद्धतीत ते आहे, पाठ्यपुस्तकातलं आहे. तरी आपण दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगितल्या. माझी खरी तक्रार इथे आहे. चमत्काराच्या सुरात सांगितलं की खरं आणि खोटं सारखंच ऐकू येतं, आणि नुकसान खऱ्याचं जास्त होतं. भोंदू उघडा पडला की विषय संपतो. खरी पद्धत मात्र वर्षानुवर्षं ‘अडवली गेलेली’ म्हणून जगते आणि तिला साधे प्रश्नसुद्धा विचारणं उद्धटपणा ठरतो: कच्चा माल कुठून येतो, तेल कोण घेतं, काजळी कुठे जाते?

‘पेट्रोल’ हा शब्दही तिथेच रुतून बसला. निघतं ते पेट्रोल नसतं. त्यात पेट्रोलच्या, रॉकेलच्या, डिझेलच्या आणि मेणाच्या लांबीच्या साखळ्या एकत्र असतात. वेगळ्या करायला ऊर्ध्वपातन लागतं. केल्यावरही त्यांत दुहेरी बंध असलेले रेणू पुष्कळ, जे ठेवल्या ठेवल्या चिकट होतात. आजच्या बीएस-६ गाडीत ते ओतणं म्हणजे गाडीचा जीव घेणं. बॉयलर, भट्ट्या, जुने जनरेटर, तिथे ते चालतं. म्हणजे ते साधंसुधं, स्वस्त, औद्योगिक इंधन आहे. पण ‘कचऱ्यातून बॉयलरचं तेल’ असा मथळा कोण देईल?

एक अपवाद मला आवडला. पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांची रुद्र एन्व्हायर्नमेंटल. त्यांच्या गोष्टीतही घरातला प्रेशर कुकर आहे, जेजुरीजवळचा कारखाना आहे, बाटलीही आहे. पण त्यांच्या सांगण्यात अर्ध्याहून जास्त जागा गोळा करण्याला असते. तुमच्या घरातल्या पिशव्या धुवा, वाळवा, साठवा, अमुक दिवशी आणून द्या. सोसायट्या, शाळा, संकलनाच्या मोहिमा. पुण्यात माझ्या इमारतीतल्या एका काकू वर्षानुवर्षं बाल्कनीत दोरीवर दुधाच्या पिशव्या वाळत घालायच्या, आणि आम्ही पोरं त्यांना हसायचो. ती दोरी म्हणजे त्या कारखान्याचा पहिला विभाग होता, हे मला आत्ता कळतंय. या कथेत नायक यंत्र नसून सवय आहे, त्यामुळे ती कमी चमकते आणि जास्त खरी वाटते. तरी एक प्रश्न तिलाही विचारायला हवा. काकूंच्या श्रमाला पैसे नाहीत. तो खर्च हिशेबात धरला तर लिटर कितीला पडेल?

याच शहरात हे श्रम पैसे घेऊन करणारी माणसं आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी जाऊन कचरा घेते. बहुतेक बायका. कोणतं प्लास्टिक कोणतं, हे त्यांना माझ्या पदवीपेक्षा चांगलं कळतं. ‘कचऱ्यातून पेट्रोल’च्या एकाही व्हिडिओत मला त्यांच्यापैकी कुणी बोलताना दिसलं नाही. पिशवी रस्त्यावरून थेट टाकीत उडी मारते.

आश्चर्य म्हणजे या सगळ्यात भाषेला सर्वांत प्रामाणिक राहिलेला मजकूर सरकारी निघाला. सरकारी राजपत्राचं कौतुक करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. २०१६च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत प्लास्टिकपासून तेल करण्याला परवानगी आहे, पण शक्यतो ज्याचा पुनर्वापर होऊ शकत नाही अशा प्लास्टिकसाठी. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांच्या जबाबदारीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत तेल करणं हे रस्त्यात घालणं, सिमेंटच्या भट्टीत जाळणं यांच्या रांगेत बसवलं आहे. त्या रांगेचं नाव ‘आयुष्य संपलेल्या प्लास्टिकची विल्हेवाट’ अशा अर्थाचं आहे. पुनर्चक्रीकरण हा शब्द तिथे नाही. विल्हेवाट. अंत्यसंस्कारासारखं. वाईट काही नाही त्यात, अंत्यसंस्कार लागतातच. पण त्याला पुनर्जन्म म्हणू नये.

परदेशात हा शब्दांचा खेळ कोर्टापर्यंत गेला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी एक्झॉनमोबिलवर दावा लावला. पुनर्चक्रीकरणाच्या आश्वासनांनी, त्यातल्या ‘प्रगत’ पुनर्चक्रीकरणासकट, लोकांची दिशाभूल केली असा त्यात आरोप आहे. इंडियाना राज्यातल्या अॅशली गावी वर्षाला एक लाख टन प्लास्टिक पचवायचं म्हणून उभा केलेला ब्राइटमार्कचा कारखाना तिथवर कधी पोचलाच नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. पण मला यापेक्षा जपानचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. सप्पोरोत २००० साली महापालिकांनी गोळा केलेल्या घरगुती प्लास्टिकचं तेल करणारा मोठा कारखाना सुरू झाला. जपानी शिस्त, घरोघरी वर्गीकरण, उत्तम यंत्रं. सुमारे दहा वर्षं तो चालला आणि बंद पडला. प्लास्टिक मिळवण्याच्या लिलावात दुसरे लोक पुढे गेले.

यंत्र चालत होतं. कच्चा माल मिळेना. कचरा मिळेना!

आपल्याकडचं टायरचं चित्र तर याहून वाईट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीत टायरपासून तेल काढणाऱ्या ६३७ कारखान्यांपैकी २७० नियम पाळत नव्हते. दादाच्या कोटेशनमध्ये प्रदूषण मंडळाची संमती ‘ग्राहकाने घ्यावी’ अशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, एवढंच सांगतो.

हे सगळं मी दादाला सांगितलं. साध्या गणितापासून सुरुवात केली: पाच ग्रॅमची पिशवी धरली तर एक टन म्हणजे दोन लाख पिशव्या, रोज. घरटी चार पिशव्या धरल्या तरी पन्नास हजार घरं, आणि मालेगाव शहरात त्याच्या जवळपासही घरं नाहीत. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुमचं कम्प्युटरवाल्यांचं असंच असते. चल, चाचाकडे जाऊ.”

चाचांचं भंगाराचं दुकान बसस्टँडपासून लांब नाही. दादाने त्यांना विचारलं, पन्नी किती देऊ शकता, रोजची? (पातळ प्लास्टिकला आमच्याकडे पन्नी म्हणतात.) चाचांनी आधी विचारलं, कोणती पन्नी. मग एक दुधाची पिशवी उचलून मुठीत चुरगाळली, तिचा आवाज ऐकवला, कोपरा पेटवून वास दिला. मेणबत्तीचा वास. “हे एलडी. याले भाव हाय. अकोल्याचा माणूस गाडी घेऊन येते, दाणा करते त्याचा. तू त्याच्यापेक्षा जास्त देशीन तर तुले देतो.” दादाने आकडा विचारला. चाचांनी सांगितला. दादाने मनातल्या मनात काहीतरी भागलं आणि गप्प झाला. जे प्लास्टिक वितळवून पुन्हा प्लास्टिक होऊ शकतं त्याची किंमत, ते जाळायच्या लायकीचं करून विकणाऱ्याला परवडत नाही. माझ्या दोन महिन्यांच्या वाचनाचा निष्कर्ष चाचांनी एका भावात सांगितला.

“फुकट पाहिजेन तर ते घेऊन जा,” म्हणत त्यांनी मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे ढीग होता. गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, तुटक्या चपला, चिखलाने जड झालेला मल्चिंग पेपर. गोळ्यांच्या पाकिटांत बहुधा पीव्हीसी असतं, पुड्यांत धातूचा थर, मल्चिंगच्या कागदात कागदापेक्षा माती जास्त. खरा कचरा हाच. शेताच्या बांधावर पेटवला जातो तो हाच, आणि आमच्या लहानपणापासून पेटवला जातोय. त्याच्यासाठी कुणी यंत्र आणलं तर मी स्वतः पैसे घालीन.

दादाने त्या ढिगाचा फोटो काढून कंपनीच्या माणसाला पाठवला. खाली लिहिलं: हे चालेल का? बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. संध्याकाळी उत्तरादाखल एक व्हिडिओ आला. हिरव्या टाकीसमोर एक माणूस उभा होता, हातात पाण्याची बाटली, उजेडाकडे उचललेली.

दादा अजून विचार करतोय. सातबारा मात्र काकूने आपल्या पेटीत ठेवलाय.